मधे काय झालं?

उत्तरायणानंतरचा पहिला शनिवार. प्रयोगशाळेत हजर: सर, त्यांची पीएचडीची विद्यार्थिनी हेतल आणि संगणक सांभाळणारी मी.

“मधे काय झालं?” सरांनी विचारलं.

हा प्रश्न ते सगळ्यांनाच विचारत. मी सावली गावी बहिणीकडे जाऊन आले, की म्हणत, “गेलात, आलात. मधे काय झालं?” बसमधल्या भांडणासकट सगळं ऐकल्याशिवाय सोडत नसत.

त्या दिवशी मात्र प्रश्न संगणकाच्या पडद्याला होता. औषधाचा रेणू प्रथिनाच्या खोबणीतून कसा सुटतो, हे हेतलच्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण. संगणक रेणूची हरेक हालचाल मोजतो, पण चित्र साठवतो अधूनमधून. किती अंतराने, ते आपण आधी सांगायचं. फार जवळजवळ साठवली तर डिस्क भरते. इतरांच्या कामाला जागा उरावी म्हणून सरांनी अंतर मोठं ठेवलेलं. बाकावरही ते असेच सरकून बसत.

एका चित्रात रेणू आत. पुढच्यात बाहेर.

“सर, वच्चे लीटी दोरी दईए?” हेतल म्हणाली. मधे रेघ ओढून टाकू, म्हणजे झालं. “पाछळथीज गयो हशे. कोण जोवानुं छे?” मागच्या बाजूनेच गेला असेल, कोण बघणार आहे.

तिचं गुजराती, सरांचं मराठी. दोघांचं कधी अडलं नाही. “ती रेघ आपली होईल, बेटा. रेणूची नाही.”

सरांनी अंतर कमी करून सगळं पुन्हा चालू केलं. मी इतरांच्या जुन्या फायली हलवून जागा केली. “पण पुन्हा त्याच वाटेने जाईल याची खात्री नाही,” ते मला हळूच म्हणाले. “जाईलच, याचीही नाही. ते गेलं ते गेलंच, ताई.”

हेतलची मुदत जवळ येत होती. ती आठवडाभर डबा वेगळी बसून खायची. सर रोज सकाळी हेल्मेटसकट पडद्यापाशी. “बसलाय अजून. पाहुणा काही उठत नाही.” ती हसत नसे.

जिन्याच्या वळणावर सर दम घ्यायला थांबू लागले होते. डॉक्टरांना दाखवा, मी म्हटलं. “लिहा तुमच्या कामांच्या यादीत,” म्हणाले. मी लिहिलं.

शुक्रवारी संध्याकाळी स्कूटर काढताना त्यांनी हात केला. जेवणाचा डबा टेबलावरच विसरले. सोमवारी सकाळी फोन आला, सर गेले.

हेतल जिन्यात उभी होती. “बेन,” ती म्हणाली, “वच्चे शुं थयुं?”

सरांचाच प्रश्न: शुक्रवार ते सोमवार, मधे काय झालं?

रेणू अजून आतच आहे. प्रबंधात हेतलने पहिल्या वेळची दोन्ही चित्रं शेजारी-शेजारी लावली आणि मधली जागा कोरी ठेवली. रेघ नाही.

डबा मी घासून ठेवलाय. कारेलीबागेत सरांच्या घरी वहिनींना नेऊन द्यायचा, हे यादीत सगळ्यात वर आहे. नेला, की बसावं लागेल. बसलं, की विचारावं लागेल.

डबा अजून इथेच आहे.