वैशूचं गृहविज्ञान: नांदेड पाहिलं, लातूर ठरलं

बारावीचा निकाल लागला आणि धाकट्या बहिणीनं, वैशूनं, गृहविज्ञानाची पदवी घ्यायचं ठरवलं. घरातली पहिली पदवीधर मी, म्हणून अण्णा म्हणाले, "तू शिकलेली हायस. कॉलेजं बघून ये, तू म्हनशील तिथं घालू." मला केवढा अभिमान वाटला!

उदगीरहून सकाळची नांदेडची एसटी धरली. बायकांना तिकीट अर्धं आहे, धक्के मात्र पूर्ण. उलटीची गोळी घेऊनच बसा. आमचं बोलणं ऐकून कंडक्टर म्हणाला, "सैपाक शिकायला नांदेडला? घरी चूल न्हाई व्हय?"

"काका, भाकरीत लोह किती असतं, सांगा बरं," वैशू म्हणाली.

"लोहा गाव व्हय? ते कंधारच्या पुढं हाय!" अख्खी बस हसली. वैशूही.

नांदेडच्या कॉलेजात पदवीचा पूर्ण अभ्यासक्रम होता. आहारशास्त्राची प्रयोगशाळा, कापड रंगवायची खोली आणि आवारातच बालवाडी. मुलं कशी खेळतात, कशी भांडतात, हे विद्यार्थिनी शेजारी बसून टिपतात. वैशू त्यांच्यात जाऊन बसली ती उठेचना. मॅडम म्हणाल्या, "होस्टेलात जागा आहे. विचार करून कळवा."

परतताना वाट वाकडी करून लातूर केलं. अहमदपूरच्या स्टँडवर गरम सुशीला खाल्ली. चुरमुऱ्यांचा हा प्रकार तिथं चुकवू नका. लातूरच्या कॉलेजात बीएला गृहशास्त्र हा नुसता एक विषय होता. आमच्या दृष्टीनं प्रश्न मिटला होता, नांदेडच.

मुक्काम लातुरातच आत्याकडे होता. तिनं कपाटाचा एक कप्पा आधीच रिकामा करून ठेवलेला. "हा वैशूचा," ती म्हणाली. मी नांदेडचं नाव काढताच तिचा चेहरा पडला. "आत्याचं घर असताना पोरगी होस्टेलात ऱ्हायली, तर लोक माझ्या तोंडात शेन घालतील गं." सकाळी निघताना तिनं वैशूची ओटी भरली, हातात नवा ड्रेस ठेवला. आम्ही दोघी वाकून पाया पडलो.

घरी पोचलो तर आत्याचा फोन आमच्या आधी पोचलेला. अण्णा निवांत दिसत होते. मी पदवी आणि विषय यातला फरक पुन्हा पुन्हा समजावला. त्यांनी शांतपणे ऐकलं. "दोन्हीकडं पदवीच भेटते ना बाई? मंग घरचं मानूस सोडून परक्यात कशाला?"

वैशूच म्हणाली, "आत्याकडंच बरं हाय."

कॉलेज निवडायला निघणाऱ्यांना एकच सांगते. निर्णय आधी घरात पक्का करा, मग पाहुण्यांकडे उतरा. माणसं वाईट असती तर भांडता आलं असतं. आत्या लई मायाळू आहे.

आठवड्यानं नांदेडच्या मॅडमचा फोन आला. वैशूनं तो माझ्या हातात दिला. "दुसऱ्या मुलीला द्या जागा," मी म्हणाले.

फोन ठेवल्यावर वैशूनं तो परत घेतला. मग म्हणाली, "ताई, कुठल्या गावची असंल गं ती?"