नानांनी मोटार मागे वळवली

देवपूरचे नाना मोटारवाले गेल्याचं मला एका टांगेवाल्यानं सांगितलं, तेही सहज, घोड्याला पाणी पाजता पाजता. तीन आठवडे झाले... लिहायला बसतो, उठतो, पुन्हा बसतो. बरं, ज्याला भेटायला पाय निघाले नाहीत, त्याच्यावर लिहायला तरी हात कसा धजावा?

नाना धुळे-शिरपूर ही उतारूंची सर्व्हिस मोटार चालवीत. कडक इस्त्रीचा खाकी कोट, गळ्यात रेशमी रुमाल, आणि ऐट अशी, की नवरदेवानं बाजूला व्हावं. लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळेना, म्हणून मोटार कोळशाच्या गॅसवर चाले. चढ आला की तिला धाप लागे. मग पुरुषांनी उतरून धक्का द्यायचा, वर सपाटीला नाना मोटार उभी करीत आणि सगळ्यांना परत घेत. हा रिवाजच होता.

बेचाळीसच्या चळवळीत मी शाळेतली मास्तरकी सोडून भूमिगत झालो. पत्रकांची पिशवी घेऊन, डोक्याला व्यापाऱ्याचं पागोटं बांधून नानांच्या मोटारीत बसलो. सोनगीरला एक हवालदार चढला. नानांनी मला पागोट्यातही ओळखलं होतं; मागं न बघता पुटपुटले, "पोट दुखस सांग, पन खाले उतरू नको."

चढ आला. सगळे पुरुष उतरले. एक म्हातारे आबासुद्धा काठी टेकत उतरले. मी तिशीतला धडधाकट गडी बायकांमध्ये बसून राहू? लाज वाटली... उतरलो. त्या लाजेला आजही शिव्या घालतो. धक्का देताना शेजारचा खांदा हवालदाराचा निघाला. त्याचा मुलगा माझ्या वर्गात होता.

"मास्तर, तुम्ही?" त्यानं माझी बाही धरली.

नानांनी आरशात पाहिलं असावं. "मास्तर, चढ!" अशी आरोळी आली. बाही फाटली, मी पायरीवर उडी घेतली, आणि सपाटी आली तरी मोटार थांबली नाही. बायका ओरडत होत्या. नानांचा रुमाल जागचा हलला नव्हता.

नरडाण्याच्या अलीकडे एका शेतवाटेला त्यांनी मला उतरवलं आणि मोटार मागे वळवू लागले.

"नाना, कुठं जाता? धरतील तुम्हाला!"

"मना उतारू रस्तामा उभा शेतस," ते म्हणाले. जणू मी काही खुळ्यासारखं विचारलं होतं.

हवालदार तिथंच होता. नाना तुरुंगात गेले, लायसन गेलं, मोटार पुन्हा हातात आली नाही. मला कुठं उतरवलं, ते मात्र त्यांच्या तोंडून निघालं नाही. मी सापडलो नाही. यंदा ऑगस्टमध्ये स्वातंत्र्याच्या सोहळ्यात माझ्या गळ्यात हार पडले. दोनदा पांझरेचा पूल ओलांडून त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो आणि भेकडासारखा परत आलो.

परवा शेवटी गेलो. नाना अखेरच्या दिवसांत भ्रमात असत, असं त्यांच्या पत्नी, अक्का, सांगत होत्या. मोटारीला वेग द्यावा तसा उजवा पाय खाटेवर सारखा दाबत आणि विचारीत, "मास्तर चढना का?" अक्का म्हणत, "चढना." मास्तर चढला, हे ऐकलं की पाय जरा सैल पडे.

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "तो मास्तर तुम्हीच शेतस का?"

"हो."

"मंग एकदाबी का उनात नही?"

एकदाही का आलो नाही, एवढंच त्या विचारीत होत्या. समोर नानांची खाट होती. पायथ्याशी, उजव्या बाजूला, दोऱ्या लोंबत होत्या.

"आवळून देऊ का?" मी विचारलं.

"नको," अक्का म्हणाल्या. "राहू द्या."