खुडूक कोंबडीची लाल चिंधी

"ताई, काहून तकलीफ घेता? जावई येऊन राहिले. मसाला वाटून तयार हाय," दत्तराव बाजेवरून म्हणाले.

कोंबडी त्यांच्या बायकोच्या, कमलबाईंच्या मांडीवर होती. अंडी उबवत बसलेली खुडूक कोंबडी दाणे टिपायला उठली आणि कुत्र्याने तिची पाठ फाडली. कमलबाईंनी जखमेत हळद भरली होती. आमच्याकडे हळद पिकते, त्यामुळे हात सैल. जखम दिसेचना. दत्तरावांचं अर्धं काम बायकोनेच करून ठेवलं होतं.

मी साखऱ्याची पशुसखी. म्हणजे शेळ्या-कोंबड्यांचे प्रथमोपचार करणारी गावातलीच बाई. मोठ्या आजाराला डॉक्टर, आणि डॉक्टर मीटिंगमध्ये असले की पुन्हा मीच.

"ही कापली तर खालची अंडी वाया जातील," कमलबाई म्हणाल्या. "पिल्लं निघू द्या हो. समदी आशा तिच्यावरच हाय."

मी मिठाच्या कोमट पाण्याने हळद धुऊन काढली. भोवतीची पिसं कापली. जांभळं औषध लावलं. त्याने जखम सुकते आणि लाल रंगही झाकला जातो. कोंबड्यांना लाल दिसलं की त्या टोचतात. बहीण-मावशी असला प्रकार त्यांच्यात नाही. म्हणून कोंबडीला अंड्यांसकट डालग्याखाली, म्हणजे मोठ्या टोपलीखाली, एकटं ठेवायला सांगितलं.

"कळलं?"

"व्हय, बराबर कळलं."

दुसऱ्या दिवशी सकाळीच कमलबाईंचा फोन. "ताई, तुमच्या औषधानं जखम वाढली!"

गेले. डालगं भिंतीला उभं. कोंबडी अंगणात उन्हाला, पाठीवर लालभडक चिंधी बांधलेली. माझ्यादेखत कोंबडा आला आणि त्याने चिंधीवर नेम धरून चोच मारली. मागोमाग दोन तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या, आल्या.

"ही चिंधी कोणी बांधली?"

"म्याच. नजर लागली व्हती तिला."

"आणि डालगं?"

"एकटी कशी ऱ्हाईल ती? करमंना तिला."

"आता करमतंय का विचारा."

दत्तराव बाजेवरून हसले. "म्या म्हणत व्हतो ना, मसाला..."

मी चिंधी कापली, जखम पुन्हा धुतली, औषध लावलं. अंडी अजून कोमट होती. कोंबडीला त्यांच्यावर बसवून डालगं पालथं घातलं, वर दगड ठेवला. पण कमलबाईंचा हात चिंधीवरून निघेना. मी गेले की ती पुन्हा बांधली जाणार, हे स्पष्ट होतं.

"बाई, नजर लागलीय हे खरं," मी म्हटलं. "पण चिंधी नजर लावणाऱ्याला बांधतात. कालपासून हिच्याकडे टक लावून कोण बघतंय?"

कमलबाईंनी बाजेकडे पाहिलं. पुढच्या क्षणी चिंधी दत्तरावांच्या मनगटावर होती. गाठ पक्की.

जावयाने पिठलं दोनदा मागून घेतलं. कोंबडीची जखम भरली, पिल्लं निघाली. दत्तराव आता पारावर मनगट दाखवून सांगतात, "याच्यानंच गुण आला." जांभळ्या औषधाचं नाव कोणी काढत नाही.

जखमी पक्षी वेगळा ठेवा, असं आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवतात. बरोबरच आहे. फक्त आधी घरच्या माणसांपासून वेगळा ठेवा, एवढं त्यात घालायला हवं.