एकातून पहिला

सत्तार मास्तरांच्या क्वार्टरच्या भिंतीवर पहिल्या क्रमांकाची सात प्रमाणपत्रं टांगलेली होती. सातही तालुका विज्ञान प्रदर्शनाची, सातही मोखाड्याची. दुसरा क्रमांक कोणाचा, असं एखाद्या पाहुण्यानं विचारलं असतं तर मास्तरांची पंचाईत झाली असती, कारण दुसरं कोणी नव्हतंच. पण तशी वेळ आली नाही. क्वार्टरला पाहुणेही नव्हते.

मूळचे ते जव्हारचे. घरचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, त्यामुळे चिमटा पेन्सिलीच्या आधी हातात आला. नव्वदच्या दशकात ते जव्हार तालुक्यातल्या एका आश्रमशाळेवर विज्ञान शिकवायचे आणि दर प्रदर्शनाला दुसरे यायचे. पहिले यायचे गावातल्या हायस्कूलचे पंकज सर. तालुक्यातून प्रत्येक गटात एकच वस्तू जिल्ह्याला जाणार, हा नियम. तेव्हा पंकज सर जिल्ह्याला जात आणि मास्तर आपली वस्तू गोणपाटात गुंडाळून परत नेत. वाटेत पंकज सर चहाला थांबवत.

"सत्तारभाई, तुमची पाणचक्की आमच्याहून सरस. पण दांडा वाकडा बसवलात."

"दांडा सरळ आहे. तुमची नजर वाकडी आहे."

दोन कप चहा होईपर्यंत हा वाद चाले. घरी जाऊन मास्तर दांडा तपासत. तो वाकडा असे.

मग बदली झाली. मोखाड्याच्या बाजूची आश्रमशाळा, डोंगराच्या पोटात. इथे मात्र मास्तरांना कोणी हरवू शकलं नाही, कारण त्यांच्या गटात कोणी उतरतच नव्हतं. पद्धतीला नावं ठेवायला जागा नव्हती. प्रत्येक तालुक्याला एक जागा नसती, तर या पोरांनी ठाणं पाहिलंच नसतं. शहरातल्या शाळांनीच सगळी टेबलं भरली असती. मास्तर हे प्रामाणिकपणे मान्य करत. फक्त त्या जागेसाठी त्यांच्या वस्तूकडे कोणी बघत नसे, एवढीच तक्रार. जिल्ह्याला गेल्यावर बघत, आणि मग पुढच्या टेबलाकडे जात.

बायको जहिदा गेल्यापासून क्वार्टरमध्ये बोलणारा एक रेडिओच होता, आणि तोही मास्तरांनीच दुरुस्त केलेला. दोन हजार सात सालच्या मे महिन्यात ते निवृत्त होणार होते. त्याआधी एकदा आपलं काम कोणीतरी खाली वाकून नीट बघावं, चूक काढावी, एवढं त्यांच्या मनात होतं. तेवढ्यात त्या वर्षीचं परिपत्रक आलं. नवा गट: रोबो गाडी. जमिनीहून वेगळ्या रंगाच्या, एक इंच रुंद रेषेवरून आपली आपण चालणारी.

नववीतल्या करिष्मानं ते दोनदा वाचलं.

"सर, मोटार?"

"टेपरेकॉर्डरच्या दोन."

"आणि डोळे?"

"उजेड ओळखणारे दोन सेल आहेत माझ्याकडे. एक रेषेच्या या बाजूला, एक त्या बाजूला. ज्या डोळ्याला रेषा दिसेल त्या बाजूचं चाक थांबेल, म्हणजे गाडी वळून पुन्हा मधोमध."

दोन महिने लागले. व्हरांडा शेणानं सारवलेला होता. करिष्मानं तांदळाचं पीठ कालवलं आणि घरी आत्या भिंतीवर लग्नाचा चौक लिहिते तशा सराईत हातानं पांढरी रेषा ओढली: सरळ, वळण, पुन्हा वळण. जमीन काळपट, तेव्हा रेषा पांढरी. यात विचारण्यासारखं काही होतं, हे ना तिला सुचलं ना मास्तरांना. गाडी त्या रेषेवरून मुंगीसारखी गेली. सगळी शाळा गोळा झाली. स्वयंपाकीण हिरी तेवढी म्हणाली, "एवढी हुशार, मग माझं पाणी आणील का?"

तालुक्याला विस्तार अधिकारी आले. हातात यादी.

"रोबो गटात किती?"

"एकच, साहेब."

"मग पहिली. अभिनंदन."

"साहेब, चालवून दाखवतो. दोन मिनिटं."

"मास्तर, चालणारच ती. तुमची आहे म्हणजे चालणारच."

असा विश्वास मास्तरांवर दुसऱ्या कोणी टाकला नव्हता. आठवं प्रमाणपत्र मिळालं.

ठाण्याच्या शाळेचा हॉल पांढऱ्याशुभ्र लादीचा होता. लादीवर काळ्या चिकटपट्टीची रेषा. मास्तर दारातच थांबले. करिष्मानं रेषेकडे पाहिलं, मग गाडीकडे.

"सर," ती हळू आवाजात म्हणाली, "हे उलटं हाय."

परीक्षकांना मास्तरांनी विनंती केली: प्रत्येक डोळ्याच्या दोन जोडण्या बदलायच्या, दहा मिनिटांचं काम. परीक्षक सभ्य होते. गाड्या एकदा नोंदवल्या की हात लावता येत नाही, ते म्हणाले, सगळ्यांना नियम सारखा. ते खरंच होतं. करिष्मानं गाडी रेषेवर ठेवली आणि बटण दाबलं. दोन्ही डोळ्यांना पांढरं दिसलं, म्हणजे दोन्हीकडे रेषाच रेषा. दोन्ही चाकं थांबली. तीन मिनिटं गाडी जागची हलली नाही. शेवटी परीक्षकांनी कागदावर शून्य लिहिलं आणि ते पुढे गेले.

जव्हारची गाडी आणि ती बनवणारा विद्यार्थी अम्मार यांना घेऊन पंकज सर आले होते. ती पाचवी आली. गर्दी पांगल्यावर ते मास्तरांच्या टेबलाशी आले, गुडघ्यांवर बसले आणि गाडी उलटी करून डोळे, वायरी, चाकं सगळं बघत राहिले. बराच वेळ. मास्तर घसा खाकरत उभे होते.

"अहो, ही पांढऱ्या रेषेची गाडी आहे," पंकज सर म्हणाले. "बिघडलेली नाहीच. तालुक्याला चालवली तेव्हा कळलं नाही?"

"तालुक्याला कोणी चालवू दिली नाही."

"जव्हारला आणायची होतीत. पहिल्याच दिवशी बोललो असतो."

"जव्हारला कशी आणणार? आमचा तालुका वेगळा."

पंकज सरांनी गाडी सरळ करून टेबलावर ठेवली. मोखाडा ते जव्हार तेवीस-चोवीस किलोमीटरचा रस्ता, जीपा दिवसभर चालू. उठताना म्हणाले, "रविवारी या. जोडण्या बदलून. आमच्या अम्मारच्या गाडीबरोबर सोडू."

रविवारी मास्तर करिष्माला आणि गाडीला घेऊन जीपनं जव्हारला गेले. हायस्कूलच्या वर्गात पांढऱ्या कागदावर सारख्या दोन काळ्या रेषा आखलेल्या होत्या. परीक्षक नव्हते, बॅनर नव्हता, पाहायला शाळेचा शिपाई लक्ष्या. त्यानंच "सोडा" म्हटलं. दोन्ही गाड्या निघाल्या. करिष्माची पहिल्या वळणापर्यंत पुढे होती. दुसऱ्या वळणावर थोडी डुगडुगली, सावरली, पण तोवर अम्मारची पोचली होती.

"हारलो," करिष्मा म्हणाली.

"दुसरे आलो," मास्तर म्हणाले. सात वर्षांत हा शब्द तोंडात आला नव्हता; त्यांनी तो पुन्हा एकदा म्हणून पाहिला.

पंकज सर खाली वाकले होते. "सत्तारभाई, गाडी आमच्याहून सरस. पण डावं चाक वाकडं बसवलंत."

"चाक सरळ आहे."

"वाकडं आहे."

"तुमची जमीन वाकडी आहे, पंकज सर!"

चहा दोनदा झाला. शेवटची जीप भरत आली तेव्हा लक्ष्या बोलवायला आला.

परतीला करिष्मा खिडकीला टेकून झोपली. गाडी मास्तरांच्या मांडीवर होती. त्यांनी डावं चाक बोटानं हळूच फिरवून पाहिलं. ते वाकडं होतं. तरीही मोखाडा येईपर्यंत ते मनातल्या मनात पंकज सरांशी वाद घालत राहिले, आणि क्वार्टरचं कुलूप उघडून आत गेल्यावरही मास्तरांचं एक वाक्य उरलंच होतं.