अंगठ्याचा भार

बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या टेलरला सगळे मास्तर म्हणत; पण या मास्तरने आयुष्यात कधी कोणाचं शिष्यत्व पत्करलं नव्हतं. शिवण तो बापाच्या नकळत शिकला, सायकल पडून शिकला, आणि संसार, बायकोच्या मते, अजून शिकायचा होता. जीभ मात्र जन्मतःच तयार. गिऱ्हाइकाच्या पोटाभोवती टेप फिरवताना तो म्हणायचा, "टेप संपली साहेब, उरलेलं उद्या मोजू." साहेब हसायचे आणि श्वास रोखून पोट आत घ्यायचे.

रविवारी दुकान बंद. सकाळीच मास्तर दाजींबरोबर, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्याबरोबर, धक्क्यावर मासे धरायला जायचा. दाजी लिफ्टदुरुस्तीतून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे. जन्मभर लिफ्टच्या दोरांकडे बघून त्यांची मान कायमची वर गेली होती. त्यामुळे अनोळखी माणसाला ते गर्विष्ठ वाटत.

मास्तरचं रीळ नवं, काठीखाली लटकणारं. त्यात दोऱ्याची गुंडाळी जागची हलत नाही; काठी झटकली की दोरा वेटोळी सोडत निघून जातो. शेंबड्या पोरालाही जमावं. दाजींचं रीळ जुनं, जड, काठीवर ढोलासारखं बसवलेलं. फेकलं की तो ढोलच गरगरा फिरायचा. दोऱ्याच्या टोकाचं शिसं पाण्यात पडलं तरी ढोलाला ते सांगणार कोण? तो आपला फिरतच राहणार आणि दोऱ्याचं घरटं करून ठेवणार. ते सांगायचं काम अंगठ्याचं. दाजींचा अंगठा ढोलावर असा टेकलेला असे की ढोल पळायचा, पण मोकाट सुटायचा नाही.

"मास्तर, अंगठा दे इकडे. शिकवतो," असं दाजी पंधरा वर्षं म्हणत आले.

"राहू दे दाजी, हे तुमचं आजोबांच्या काळातलं जातं!" असं मास्तर पंधरा वर्षं म्हणत आला.

मग गेल्या वर्षी एका रविवारी दाजींच्या ढोलात लागोपाठ तीनदा गुंता झाला. तिसऱ्यांदा मास्तर सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल असा ओरडला, "दाजी, स्वेटर विणताय की काय? ताईचं माप तरी घेतलंत का?" अख्खा धक्का हसला. दाजीही हसले. त्यांनी चाकूने दोरा कापला, रिकामी बादली उगाचच धुतली आणि घरी गेले. पुढच्या रविवारी त्यांचा गुडघा दुखत होता. त्याच्या पुढच्या रविवारी पाहुणे येणार होते. नंतर त्यांनी कारणं देणंही सोडलं.

चार महिन्यांनी ताई दुकानात सहा शर्ट घेऊन आली.

"यांची बटणं काढ आणि चिकटपट्टी लाव, चपलांना असते तसली."

"का गं? दाजींना एवढी कसली घाई असते?"

"बटणं लागत नाहीत त्यांना. हात कापतो. पाचेक महिने झाले. कोणाला सांगू नको म्हणाले, तुला तर नाहीच."

मास्तरने मनातल्या मनात महिने मागे मोजले आणि तो बरोबर त्या स्वेटरच्या रविवारपाशी येऊन थांबला. रात्री तो मशीनवर बसला. सहाही शर्टांना त्याने आत चिकटपट्टी लावली आणि वर जुनीच बटणं नुसती दिसायला शिवून दिली. एवढं जमलं. माफी मागणं मात्र जमेना. ज्या जिभेने घाण केली, ती झाडू हातात घ्यायला तयार नव्हती.

मग त्याने ठरवलं, ते रीळ शिकायचं, दाजींना धक्क्यावर न्यायचं आणि सगळ्यांसमोर ते चालवून दाखवायचं. म्हणजे त्या रिळाची झालेली थट्टा पुसली जाईल आणि दाजी पुन्हा यायला लागतील. "साफ करून देतो" म्हणून त्याने ताईकडून रीळ आणलं आणि रोज सकाळी लाँड्रीमागच्या मोकळ्या मैदानात सराव सुरू केला.

अडचण अशी की शिवणयंत्राचं चाक थांबवायची त्याच्या हाताला सवय. हात दाबला की चाक जागच्या जागी थांबलं पाहिजे. त्याने ढोलही तसाच दाबला. दोरा तटकन तुटला आणि शिसं लाँड्रीच्या पत्र्यावर धाडकन आदळलं.

"मास्तर," लाँड्रीवाला आतून ओरडला, "मासे माळ्यावर राहायला गेले का?"

अंगठा सैल सोडावा तर घरटं, दाबावा तर पत्रा. अंगठ्याची कातडी भाजून निघाली. त्या आठवड्यात तीन कॉलर वाकड्या शिवल्या गेल्या. दोन महिन्यांनी मात्र शिसं सरळ जाऊन हवं तिथे पडायला लागलं.

ताईने कशीबशी समजूत घालून दाजींना धक्क्यावर पाठवलं. ते चिकटपट्टीच्या शर्टात आले, हात खिशात घालून उभे राहिले. मास्तरने काठी मागे घेतली आणि फेकली. ढोल घुमला, शिसं लांब जाऊन डुबकन बुडालं आणि ढोल त्याच क्षणी गप्प झाला. शेजारचे दोघे "वा!" म्हणाले.

दाजींनी विचारलं, "कोणी शिकवलं?"

"कोणी नाही!" मास्तर फुलून म्हणाला. "माझा मीच!"

"छान," दाजी म्हणाले. पाच मिनिटांनी त्यांना ऊन लागायला लागलं. जाताना म्हणाले, "रीळ तुझ्याकडेच ठेव."

आपण काय बोलून बसलो ते मास्तरला दुसऱ्या दिवशी पँटची मोहरी दुमडताना कळलं. सुई तशीच कापडात सोडून तो दाजींकडे गेला. दाजी खिडकीशी बसले होते.

"दाजी, काल चुकीचं बोललो. तुमचा अंगठा बघून बघूनच शिकलो मी."

"खोटं," दाजी शांतपणे म्हणाले. "तू कधी माझ्या अंगठ्याकडे बघितलंस? तू माझ्या बादलीकडे बघायचास."

ते खरं होतं.

"दाखव अंगठा." दाजींनी त्याचा हात ओढून घेतला. "भाजलाय. फार दाबलास. विचारलं असतंस तर वाचला असता." मग आपला अंगठा त्यांनी मास्तरच्या अंगठ्यावर ठेवला. "हे बघ. भार एवढाच द्यायचा."

दाजींचा अंगठा थरथरत होता. मध्येच दाबला जायचा, मध्येच निसटायचा. एवढाच म्हणजे केवढा, ते समजायला काही मार्ग नव्हता. वर्षभरापूर्वी कदाचित समजलं असतं.

"कळलं?" दाजींनी विचारलं.

"कळलं," मास्तर म्हणाला, आणि हात तसाच राहू दिला.