डबाभर समिंदर

नातीनं गोव्याहून शिंपला आणला. नाकाला लावला तर खारट वास आला, अन् मला आमचा पत्र्याचा डबा आठवला.

लातूर नवा जिल्हा झाला होता, पर दुष्काळात आमच्या वाडीला टँकर यायचा न्हाई. आमचे मालक ट्रकावर क्लीनर होते. गोव्याला माल टाकून आले ते डबाभर समिंदराचं पानी घिऊन. काशीहून गंगा आणत्यात, तसं.

"लोकं लांबून हे बघाया येत्यात," म्हणले.

सासूबाई हसल्या, "मग आपल्या हिरीचा तळ बघाया बी येतील की!"

मालक झोपले. लेकरू शेळीच्या दुधावर, अन् शेळी तहानेनं वरडत होती. मी डबा घमेल्यात ओतला. शेळीनं हुंगून तोंड फिरवलं. मी बोट बुडवून चाटलं, तर निस्तं मीठ! मग माझ्या वाटणीचा तांब्या तिला पाजला. सांजच्याला थोडं दूध आलं, लेकरू निजलं.

मालक उठल्यावर इचारलं, "मग तिथल्या बाया घागर कुठं भरत्यात?"

"ते न्हाई बघितलं म्या."

आज नातीला तेच इचारलं.

"आज्जे, आमी बाटल्या इकत घेतल्या."

"तुमी न्हाई गं. तिथल्या बाया?"

ती फोनमधले समिंदराचे सगळे फोटू पुन्हा बघाया लागली. मी बी वाकून बघितलं. एका बी फोटूत घागर नव्हती.