वहिनी गेल्यावरची सुई

माझं माहेर आर्वीजवळच्या एका खेड्यात. दादाची भाजीची वाडी रस्त्याला लागूनच आहे. पूर्वी मी एसटीतून उतरले की वहिनी खुरपं टाकून धावत यायची, आधी माझी पिशवी घ्यायची, मग पोरांना जवळ ओढायची. माझी दोन्ही बाळंतपणं तिनेच केली. बाळांना लस टोचायला अंगणवाडीत तीच न्यायची. सुईबद्दल आम्ही कधी काही बोललो असू असं मला आठवत नाही. पोरांना आंघोळ घालायची असते, तशी सुई द्यायची असते, एवढंच.

कोरोनाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात बाजार बंद झाला, तेव्हा दादा-वहिनी घरोघरी भाजी विकत फिरले. गावात लस आली. वहिनी नको म्हणत होती, पण दादाने समजावून नेलं. त्याच संध्याकाळी तिला ताप भरला. सगळ्यांना वाटलं, सुईचाच असेल. मग तिला दम लागू लागला. वर्ध्याला नेलं आणि ती तिथूनच गेली. आजार आधीच अंगात शिरला होता, लसीला काम करायला वेळच मिळाला नाही, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. दादाने मान हलवली, पण त्याच्या कानापर्यंत ते पोचलं असेल असं मला वाटत नाही.

पुढे पुतण्याला मुलगी झाली. सुरुवातीच्या लसी तिला आईच्या माहेरी मिळाल्या. दादाच्या घरी आल्यावर गोवराची सुई द्यायची वेळ आली, तेव्हा दादा दारात बसून राहिला. उंबऱ्यावरून हलला नाही. सून बाळाला घेऊन आत वळली. असं दोनदा झालं. हीच सुई त्याच्या स्वतःच्या पोरांना दिली होती, पण आता त्याला सगळ्या सुया सारख्याच दिसत होत्या.

गेल्या हिवाळ्यात वाडीत त्याला कुत्रं चावलं. बाबा हळद लावून बसलेत, दवाखान्यात येत नाहीत, असा पुतण्याचा फोन आला. मी सासरहून, कारंज्याहून, मिळेल त्या गाडीने निघाले. पोटरीत दात रुतले होते. आधी विहिरीवरच्या मोटारीच्या धारेखाली साबणाने जखम धुवायला लावली. मग दवाखान्यात जाऊ म्हटलं, तर तो बांधावरच बसला.

"तिले मीच घेऊन गेलतो," तो म्हणाला. "ती नाई म्हणत होती. मीच म्हटलं, चाल."

इतक्या दिवसांत हे तो पहिल्यांदाच बोलला. तो लसीवर चिडला आहे असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. डॉक्टरांचं म्हणणं त्याला पुन्हा ऐकवावं असं मला वाटलं नाही.

"दादा," मी म्हटलं, "वहिनी असती तर तुले असं बसू दिलं असतं काय? आता माहेर म्हणून मले तूच राह्यला."

तो बांधावरून उठला. मग चपला शोधू लागला.

दवाखान्यात बाळांना घेऊन आलेल्या बायाही बसल्या होत्या. त्यांतल्या दोघी नणंद-भावजय असाव्यात. एकीच्या मांडीवर बाळ होतं, दुसरी त्याचं टोपडं नीट करत होती, आणि कशावरून तरी दोघी हसत होत्या. दादाचा नंबर लागेपर्यंत मी त्यांच्याकडेच बघत होते. सुई टोचताना त्याने डोळे मिटले आणि माझं मनगट घट्ट धरलं.

पुढच्या साऱ्या सुया त्याने घेतल्या. मन वळलं असं मी म्हणणार नाही. पण नातीला गोवराची सुई द्यायला सून निघाली, त्या सकाळी तो दार मोकळं ठेवून लवकरच वाडीत निघून गेला. सुनेने ते मला फोनवर सांगितलं. बाळ रडलं, तापलं, आता खेळतं आहे, म्हणाली. मी बरं म्हटलं. फोन ठेवल्यावर ही बातमी वहिनीला सांगावीशी फार वाटली.